गायनाच्या परीक्षेला कोणाला बसवावं, कोणाला थांबवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी गाण्याचा क्लास सुरू करून तीन वर्षं झाली, बावीस विद्यार्थी आहेत, आजवर कोणालाच परीक्षेला बसवलेलं नाही, आणि आता पालक ‘गांधर्व’च्या, म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, परीक्षांबद्दल सारखं विचारतात. कोणाला बसवायचं, कोणत्या परीक्षेला, आणि तयारी नेमकी कशी करून घ्यायची? तिघांचा उल्लेख तुम्ही वेगळा केला आहे: ऐकलेलं सगळं चटकन पाठ होणारी आठ वर्षांची मुलगी, दहावीच्या वाढीव गुणांसाठी आई मागे लागलेला तेरा वर्षांचा मुलगा, आणि पन्नाशीच्या एक बाई, ज्या अभंग सुरेख गातात पण परीक्षेचं नाव काढलं की घाबरतात.

मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. सुरुवातीच्या काळात मी जवळजवळ सगळ्यांना बसवायची आणि बहुतेक सगळे पासही व्हायचे. त्यातल्या कितीजणांना पुढे एखादा राग पाच मिनिटं स्वतःच्या हिमतीवर मांडता आला, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. मुलं हुशार होती. मी त्यांच्या गाण्याला लावलेले टेकू कधी काढूनच बघितले नव्हते. म्हणून आता निवड करताना मी एकच गोष्ट बघते: टेकू काढल्यावर गाणं उभं राहतं का.

पहिला आणि सगळ्यात मोठा टेकू म्हणजे तुमची पेटी. आपण शिकवताना प्रत्येक स्वर पेटीवर धरतो आणि मूल त्या स्वराच्या अंगावर रेलून गातं. एक दिवस पेटी बंद करा, फक्त तानपुरा चालू ठेवा आणि सहा महिन्यांपूर्वी शिकवलेली बंदिश (रागात बांधलेलं छोटं गाणं) म्हणायला सांगा. कालपरवा शिकवलेली नको, जुनीच घ्या. अंतऱ्याच्या, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागाच्या, मध्यावर तानपुराही बंद करा, मुलाला गात राहू द्या, तालाचं एक आवर्तन (पूर्ण फेरा) झालं की परत सुरू करा. षड्ज, म्हणजे ‘सा’, जागेवर असेल तर मुलाचा कान तयार होतोय. तो थोडासा उतरला असेल आणि तानपुरा ऐकताच मुलाने स्वतःहून सावरून घेतलं, तरी मी त्याला तयार म्हणते. पण तानपुरा एका सुरात आणि मूल दुसऱ्या सुरात, आणि ते त्याच्या लक्षातही येत नसेल, तर त्या मुलाला बसवण्यात अर्थ नाही. त्याला परीक्षेपेक्षा चार-सहा महिने साधे पलटे (स्वरांचा सराव) आणि भरपूर ऐकणं लागणार आहे.

मग म्हणा, ‘आता थेट अंतऱ्यापासून सुरू कर.’ माझ्याकडे अशीच एक चटपटीत मुलगी होती. भूप रागातली बंदिश धो-धो म्हणायची, एक शब्द चुकत नसे. अंतऱ्यापासून सुरू कर म्हटल्यावर ती छताकडे बघत राहिली, ओठ भराभर हलत होते. मनातल्या मनात ती पूर्ण अस्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, म्हणून येत होती, कारण अंतऱ्यापर्यंत जायचा दुसरा रस्ताच तिला ठाऊक नव्हता. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीचं असं होतंय का ते नक्की बघा. पाठांतर चांगलं असणं ही देणगी आहे, पण शिकवणारा फसतो तो याच मुलांपाशी. ती इतकं लवकर परत करून दाखवतात की आपल्याला वाटतं, आलं.

आलापाने हे पटकन उघडं पडतं. भूप आणि देशकार, दोन्हींत स्वर तेच: सा रे ग प ध. भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार, म्हणजे ग, आणि संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत, म्हणजे ध; देशकारात वादी धैवत आणि संवादी गंधार. मुलाने पाठ केलेले चार आलाप भूपातलेच असतात, म्हणून ऐकायला सगळं ठीक वाटतं. ‘एक आलाप तुझा तू कर’ म्हटलं की मूल वर चढतं, धैवतावर जाऊन बसतं, तिथेच रमतं, आणि भूपाचा देशकार होतो. स्वर एकही चुकलेला नसतो. परीक्षकांना हे दोन सेकंदांत कळतं.

यासाठी मी जे करते ते सांगते. मुलाला महिनाभर ‘वादी गंधार’ हे शब्द सांगतही नाही. आधी फक्त सा, रे, ग एवढ्या तीन स्वरांत जितके वेगवेगळे आलाप सुचतील तितके करायचे आणि प्रत्येक वेळी मुक्कामाला गंधारावर यायचं. आठवड्याने खालचा धैवत द्यायचा: सा, ध़, सा रे ग. मग पंचम: ग, प ग, रे ग, सा रे, सा. वरचा धैवत सगळ्यात शेवटी, आणि तोही येऊन पंचमाला भेटून गंधारावर उतरणारा: प ध प, ग. तोवर मुलाच्या गळ्याला गंधार हे घर झालेलं असतं, आणि मग ‘वादी’ हा शब्द सांगितला की ते लगेच म्हणतं, ‘म्हणजे आपण सारखे जिथे येतो तो ना?’ व्याख्या इतक्या सहज समजते की ती पाठ करून घ्यावी लागत नाही. दुर्गाही असाच शिकवता येतो, पण त्याच्या वादी-संवादीबद्दल पुस्तकांत दोन मतं आढळतात, कुठे धैवत-रिषभ तर कुठे मध्यम-षड्ज. तुम्ही ज्या पुस्तकावरून शिकवाल त्यावर ठाम राहा आणि दुसरं मतही मुलाला सांगून ठेवा, म्हणजे परीक्षकांनी विचारलं तर ते गोंधळणार नाही.

आता तेरा वर्षांचा मुलगा. त्याच्या आईशी बोलण्याआधी त्याच्या आवाजाकडे लक्ष द्या. तार षड्ज (वरचा सा) घेताना आवाज चिरतोय का, बोलताना मधेच खाली घसरतोय का, कालपर्यंत सहज लागणारा पंचम आज ताणून लावतोय का? मुलांचा आवाज साधारण बारा ते पंधरा या वयात फुटतो आणि काही महिने त्यांना स्वतःच्याच गळ्याचा भरवसा नसतो. माझा एक विद्यार्थी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, मोकळा गायचा. फॉर्म भरला तेव्हा आवाज स्वच्छ होता, परीक्षा आली तेव्हा तार सप्तकात नुसती हवा यायची. मी त्याची पट्टी बदलायला उशीर केला, कारण सगळी तयारी काळी चारमध्ये झालेली होती. त्याने घसा दाबून गायलं, पासही झाला, पण त्यानंतर वर्षभर तो मोकळा आवाज लावायला घाबरत होता. त्या मुलाचं ते वर्ष माझ्यामुळे गेलं असं मी मानते.

आता मी असा मुलगा दिसला की लगेच पट्टी खाली आणते, काळी एक किंवा पांढरी दोन, जी त्या दिवशी सुखाने लागेल ती. तार सप्तकाचा आग्रह सोडते. मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकात हळू, ‘आ’कारात रियाज, आणि रोजचा वेळ कमी. हा काळ वाया जात नाही. ताल, शास्त्र, स्वरलिपी, भरपूर ऐकणं या सगळ्यासाठी तो उत्तम आहे. परीक्षा मात्र आवाज स्थिरावल्यावर.

वाढीव गुणांबद्दल आईशी मोकळेपणाने बोला. आपल्या राज्यात शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीत अचानक फॉर्म भरायची गर्दी होते. त्याबद्दल पालकांना दोष देऊ नका, त्यांना मुलाचं भलंच हवं असतं. कोणत्या परीक्षा धरतात, कागद कधीपर्यंत द्यायचे, हे त्यांना शाळेतून लेखी घ्यायला सांगा. सांगोवांगीवर विसंबून पुढे निराशा झालेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आणि नकार द्यायचा असेल तर वाद घालू नका. मुलगा एकटा, फक्त तानपुऱ्यावर गातोय असं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि आई, मुलगा, तुम्ही असे तिघं बसून ऐका. मला बहुतेक वेळा पुढे काही बोलावं लागलेलं नाही. ऐकल्यावर मुलगाच म्हणतो, ‘पुढच्या वेळी बसतो.’

कोणत्या परीक्षेला, याचं उत्तर देण्याआधी हा क्रम कशासाठी आहे ते मनात स्पष्ट असू द्या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते लोकांच्या मदतीवर, कोणा राजाच्या आश्रयावर नव्हे. गुरूच्या घरी बारा-पंधरा वर्षं राहून शिकणं सामान्य घरातल्या मुलांना शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी ठरलेला अभ्यास, ठरलेला वेळ आणि पायरीपायरीने वर जाणं ही सोय झाली. त्यांच्या निधनानंतर, १९३१ सालीच, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि आज प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि अलंकार अशा ज्या पायऱ्या आहेत त्या या मंडळाच्याच. जो माणूस गुरूकडे राहू शकत नाही त्याच्यासाठी हा जिना आहे. त्याच्या पायऱ्या गाळू नका. तीन वर्षं शिकलेल्या मुलालाही प्रारंभिकपासूनच बसवा, थेट वरच्या परीक्षेला बसायची मुभा असली तरी. मुलाला ती परीक्षा सोपी जाईल, आणि सोपी जायलाच हवी. अनोळखी माणसांसमोर, अनोळखी खोलीत, अनोळखी तबल्यावर गाणं ही पहिल्या खेपेला शिकायची खरी गोष्ट असते. राग अवघड असतील तर ती शिकता येत नाही.

परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. त्यामुळे दर सहा महिन्यांनी एक पायरी असा हिशेब पालक मांडतात. प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम यांच्यात तो एखाद्या तयार मुलाला झेपेल. त्यापुढे मी वर्षाहून कमी अंतर ठेवत नाही. आणि प्रवेशिका पूर्ण झाली की माझा ठाम आग्रह असतो: थांबा. किमान दीड वर्ष थांबा.

कारण मध्यमेत बडा ख्याल, म्हणजे विलंबित (संथ) लयीतली मोठी मांडणी, येतो. तोपर्यंत मुलाने द्रुत आणि मध्य लयीतल्या बंदिशी गायलेल्या असतात, त्रितालाची सोळा मात्रांची चौकट आपोआप पाठीशी उभी असते. विलंबित एकतालात मात्रा बाराच, पण एकेक मात्रा इतकी लांब की चौथ्या मात्रेवर पोचेपर्यंत आपण कुठून निघालो हेच मूल विसरतं. मग ते मांडीवर बोटं मोजायला लागतं आणि गाणं थांबतं, मोजणं उरतं. मी या काळात मुलाला तबल्याचा नुसता ठेका ऐकायला लावते, गाणं नाही. डोळे मिटून बसायचं, ‘तिरकिट’ हा बोल कधी आला ते ओळखायचं आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) यायच्या थोडं आधी हात वर करायचा. काही आठवड्यांनी हात बरोबर वेळी वर जायला लागतो. मग मुखडा (समेवर आणणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) द्यायचा, फक्त मुखडा. बाकी आवर्तन गप्प बसायचं आणि जिथून उठायचं तिथून उठून समेवर यायचं. ज्या मुलाला हे जमलं त्याला पुढचे आलाप जागेवर बसवायला त्रास होत नाही. ज्याला घाईने मध्यमेला बसवलं, तो प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तबल्याकडे बघतो. ती नजर मी अनेक मुलांची पाहिली आहे, आणि त्यातली बरीच मुलं त्या टप्प्यावर गाणं सोडतात. गळा असताना सोडतात, हे जास्त लागतं.

तालाची तयारी बहुतेक क्लासेसमध्ये सगळ्यात कच्ची असते. हातावर ताल धरून ठाह (मूळ लय) आणि दुगुण (दुप्पट लय) म्हणायची असते, म्हणून आपण ती पाठ करून घेतो. झपताल घ्या. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन असे विभाग, सहाव्या मात्रेवर काल, म्हणजे टाळी न देण्याची जागा. दुगुण केली की धीना, धीधी, नाती, नाधी, धीना. आता पाहा काय होतं ते. काल दाखवणारा ‘ती’ हा बोल तिसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात येतो, आणि तिसऱ्या मात्रेवर हाताला तर टाळी द्यायची असते. तोंडात ‘ती’ आला की हात आपोआप कालाकडे वळतो. पुढे सहाव्या मात्रेवर उलट होतं, हात कालावर आणि तोंडात नव्याने ‘धी’. नव्वद टक्के मुलं या दोन जागी अडखळतात असं मी आकडा म्हणून सांगत नाही, पण तुमच्या क्लासात उद्या करून बघा, तुम्हालाही याच दोन जागा सापडतील.

उपाय असा की हात आणि तोंड वेगळं करायचं. आधी दोन मुलं समोरासमोर बसवायची. एकाने फक्त हात चालवायचा, ठाह लयीत, अजिबात न बदलता. दुसऱ्याने त्या हाताकडे बघत दुगुण म्हणायची. मग अदलाबदल. चार-पाच दिवसांनी एकाच मुलाने दोन्ही करायचं. एकदाच दुगुण करून समेवर यायचं असेल तर कुठून उठायचं हेही मुलाने स्वतः शोधून काढावं: झपतालात सहाव्या मात्रेपासून, एकतालात सातव्या, त्रितालात नवव्या. एकदा त्याने हे बोटांवर काढलं की चौगुण कुठून, हे ते विचारायच्या आत सांगतं. एकताल आणि चौताल यांचा फरकही इथेच सांगा. दोन्हींत बारा मात्रा, दोन्हींत दोन-दोनचे सहा विभाग, मग वेगळे का? बोल म्हणून दाखवा, मुलांना ऐकूनच कळतं.

स्वर ओळखायला लावतात त्याची भीती मुलांना फार असते. त्यासाठी वेगळा तास ठेवायची गरज नाही. रोज क्लास सुरू होताना दोन मिनिटं तुम्ही आकारात काहीतरी गा, मुलांनी ते आधी आकारातच परत म्हणायचं आणि मगच सरगम सांगायची. परत म्हणण्याआधी नाव सांगू देऊ नका. नाव आधी सांगणारं मूल अंदाज करत असतं. ज्याने परत म्हटलं त्याच्या गळ्यात तो स्वर आलेला असतो आणि नाव त्या मागोमाग येतं. सुरुवात शिकवलेल्या रागातल्या तुकड्यांनीच करा. सुटे स्वर खूप नंतर.

साथीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. परीक्षेच्या केंद्रावर पेटीची साथ असते, पण तिथला साथीदार मुलाच्या मागे मागे जातो, कारण मूल काय गाणार हे त्याला माहीत नसतं. आपल्या क्लासात पेटी पुढे आणि मूल मागे. परीक्षेत मूल पेटीची वाट बघतं आणि पेटीवाला मुलाची. सुरुवातीलाच एक विचित्र शांतता पसरते, आणि तयारीचं मूलही घाबरून जातं. म्हणून शेवटचे तीन महिने शिकवतानाही तुम्ही मुलाच्या मागेच वाजवा. तबल्याचंही तसंच. मोबाइलवरचा ठेका शेवटपर्यंत एकसारखा असतो. हाताने वाजवणाऱ्याचा ठेका भरलेला असतो, मधे एखादा छोटा तुकडा येतो, आणि सम ऐकायची सवय नसलेलं मूल त्या तुकड्याने हादरतं. जवळपास तबला शिकणारा कोणी विद्यार्थी असेल तर आठवड्यातून एक दिवस बोलवा. तो उत्तम वाजवणारा नसला तरी चालेल. त्यालाही साथीची सवय होईल.

आणि मुलाला स्वतःची पट्टी माहीत हवी. ‘तुझी पट्टी कुठली?’ या प्रश्नावर मूल जर दाराबाहेर बसलेल्या आपल्या बाईंकडे बघत असेल तर तो आपला दोष आहे.

प्रवेशिका पूर्णपासून लेखी पेपर येतो. शास्त्र बंदिशीबरोबर शिकवलं तर लेखीला वेगळं काही करावं लागत नाही, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. फक्त स्वरलिपीचं एक सांगते, कारण तिथे चांगली मुलं गुण घालवतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, टिंब खाली असेल तर मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. समेची खूण पहिल्या पद्धतीत गुणिले, दुसरीत १ चा आकडा. कालाला पहिलीत शून्य, दुसरीत अधिक. मुलाच्या वहीत निम्म्या बंदिशी एका पुस्तकातून आणि निम्म्या दुसऱ्यातून उतरवलेल्या असतात, मग पेपरात एकाच ओळीत दोन्ही पद्धती मिसळतात आणि तारातला षड्ज कागदावर मंद्रात जातो. वही सुरू करतानाच एक पद्धत ठरवा. आणि शक्य असेल तेव्हा पुस्तकातून उतरवू देऊ नका. मुलाने बंदिशीची पहिली ओळ स्वतः गात, थांबत, मात्रा मोजत लिहावी. एका ओळीला पाऊण तास लागेल, तो द्या. अशा चार ओळी लिहिलेल्या मुलाला बंदिश आयुष्यभर आठवते.

पन्नाशीच्या बाईंसाठी मला विशेष सांगायचं आहे, कारण अशा विद्यार्थिनी माझ्याकडे बऱ्याच आल्या आणि त्यांना पुष्कळदा कमी लेखलं जातं. त्यांचं शास्त्र बहुधा उत्तम असतं, वही नेटकी असते, आवाजाला समज असते. अडतं ते दोन ठिकाणी. एक, वर्षानुवर्षं शब्दप्रधान गाणं गायल्याने शब्द नसला की गळा बंद होतो. त्यांना नुसता आकार द्यायची घाई करू नका. बंदिशीचेच शब्द घेऊन बोलआलाप करायला लावा, ‘हाच शब्द जरा वेगळ्या वाटेने आणा’ असं म्हणा. अभंगात त्या हे नकळत करतच असतात. एकदा ते त्यांच्या लक्षात आणून दिलं की शब्द हळूहळू गळतो आणि आकार उरतो. दुसरं, लहान मुलांच्या रांगेत बसायचा संकोच. माझ्या एका विद्यार्थिनीने केंद्रावर आपल्या नातीच्या वयाच्या मुलीशेजारी बसून प्रारंभिक दिली. आत जायच्या आधी त्या मुलीने तिला विचारलं, ‘आजी, तुमचा कुठला राग पक्का आहे?’ आणि दोघी भूपाचे आलाप हळू आवाजात म्हणत बसल्या. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. तुमच्या बाईंना या खेपेला जरूर बसवा. फक्त आधी दोन-तीन वेळा क्लासातल्या सगळ्यांसमोर, मधे न थांबता, एक राग पूर्ण गायला लावा.

‘मधे न थांबता’ हे सगळ्यांनाच लागू आहे. क्लासात चूक झाली की आपण थांबवतो, दुरुस्त करतो, परत पहिल्यापासून. मुलाला सवय लागते की चुकलं की थांबायचं. परीक्षेच्या आधीच्या दीड महिन्यात आठवड्याचा एक दिवस असा ठेवा की तुम्ही काहीही झालं तरी थांबवणार नाही. शब्द विसरला, आकारात गा. तान मोडली, मुखडा पकडा आणि समेवर या. ताल सुटला तर गप्प राहून एक आवर्तन ऐका, मग उठा. दुरुस्त्या सगळ्या नंतर. पहिल्या दिवशी तुम्हालाच जास्त त्रास होईल, हात पेटीकडे जाईल. तो मागे घ्या.

परीक्षेच्या आधल्या आठवड्यात नवीन काही देऊ नका. नवी तान तर मुळीच नाही.

बावीसपैकी या खेपेला पाच-सहाच निघाले तर ते पुरेसे आहेत. त्यांची नावं फॉर्मची तारीख येण्याआधी तीन महिने ठरवा आणि बाकीच्यांना सांगताना कारणही सांगा. ‘तू कच्चा आहेस’ हे कारण झालं नाही. ‘तुझा षड्ज तानपुऱ्याशिवाय अजून हलतो, तेवढा स्थिर झाला की बसवते’ हे सांगा, म्हणजे मुलाला घरी जाऊन काय करायचं ते कळेल. आठ वर्षांच्या मुलीचं अजून ठरवू नका. पुढच्या तासाला पेटी बंद ठेवा, तिला अंतऱ्यापासून सुरू करायला सांगा, आणि तिचे ओठ हलतायत का ते बघा.